शेकोटीजवळची जागा

“म्या बसू कुठं, त्येवढं सांगा,” तातोबा म्हणाला.

“रोज बसता तिथंच बसा,” इंगवले सर म्हणाले. “मी इथं नाहीच असं समजा.”

“असं कसं समजायचं? तुमी तर हाईसा की.”

सर हसले. सरांना सकाळी सातला हसवणं सोपं काम नव्हतं, त्यात पन्हाळ्यावरची जानेवारीतली थंडी. समोर अंबरखाना, म्हणजे गडावरचं जुनं धान्याचं कोठार. एवढी अवाढव्य दगडी इमारत, पण त्या दिवशी धुक्यात तिचा अर्धा माथाच तेवढा दिसत होता. तातोबा चौगले तिथला राखणदार. साठीच्या आसपासचा, अंगानं वाळका. डोक्याला करड्या रंगाचा मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली. रोज पहाटे तो कोठाराच्या भिंतीपासून दहा पावलांवर काटक्या-पाचोळ्याची शेकोटी करायचा आणि ऊन वर येईपर्यंत तिथं बसायचा.

सरांची ‘हेमंतातल्या वास्तू’ ही चित्रांची मालिका चालू होती. सहा जुन्या वास्तू, सगळ्या थंडीतल्या. आपल्याकडे बर्फ पडत नाही, झाडं बोडकी होत नाहीत, मग थंडी दाखवायची कशी, ही सरांची रोजची कुरकुर. पाच चित्रं त्यांनी धुक्यावर आणि लांब सावल्यांवर निभावून नेली होती. सहाव्याला त्यांना ही शेकोटी सापडली.

सर कागदावर कच्चं चित्र कधी काढत नसत. तांब्याच्या पत्र्यावर काळ्या मेणाचा थर द्यायचा, तो पत्रा घेऊन थेट जागेवर बसायचं आणि सुईनं मेण खरवडत चित्र काढायचं. नंतर स्टुडिओत तो पत्रा ॲसिडात ठेवला की सुई फिरलेल्या जागी तांबं खाल्लं जाऊन रेघा खोल होतात. त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओला कागद ठेवून दाबयंत्राखालून काढायचा. हे शेवटचं काम माझं. मी सरांचा छपाईकार. आडनाव तांबट, आणि धंदाही तोच. वडील हंडे-कळश्या घडवायचे. मी कलाशाळेत गेलो म्हणून त्यांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता, पण तांबं काही माझ्या हातातून सुटलं नाही.

तीन सकाळी तातोबा बसला. पहिल्या दिवशी तो लाकडासारखा ताठ होता. दुसऱ्या दिवशी विसरला आणि हात शेकायला लागला. तिसऱ्या दिवशी सरांनी त्याला जवळ बोलावून पत्रा दाखवला. काळ्या मेणात तांब्याच्या चकचकीत रेघा. कोठार, धूर, आणि धुराच्या अलीकडे बोटाएवढा तातोबा, तळहात जाळाकडे आणि तोंड आपल्याकडे.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

“सोन्याचाच केलाय की मला,” म्हणाला. मग मफलरच्या टोकानं नाक पुसून म्हणाला, “आमचा फोटू कदी निगाला न्हाई बगा. लगनात फोटूवाला सांगून ठेवला हुता, त्यो आलाच न्हाई. पुन्ना कोन काडतंय? म्हातारी म्हणती, तुमी मेल्यावर हार घालू कशाला?”

“मग चित्राला घालतील,” सर म्हणाले.

“व्हय की. म्हनूनच म्हंतो, मला दुसरं काय नगं. ह्यातलं एक द्या.”

“हे बघा तातोबा, याच्या तीसच प्रती निघणार. सगळ्या मुंबईच्या गॅलरीला द्यायचं ठरलंय. एकेकीवर आकडा पडतो. एकतिसावी काढली की आमची बेइमानी.”

हे खरं होतं. पण एक प्रत त्या तिसांच्या बाहेरची असते. ती छापणाऱ्याची, असा रिवाज आहे. मी मध्येच बोललो.

“माझी प्रत तुम्हाला.”

“तुमची?”

“छपाईकाराला एक मिळते. ती तुमची.”

“सबूद?”

“शब्द.”

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात जाळानं तापलेले होते. माझं वय तेव्हा एकोणतीस. शब्द द्यायला त्या वयात काही लागत नाही.

पहिल्या चाचणीच्या तीन छापा मी फेब्रुवारीत काढल्या. चाचणीची छाप म्हणजे पत्र्यात काय उतरलंय, काय राहिलंय, ते बघायला काढलेली. कागद उचलला आणि मी यंत्राजवळच उभा राहिलो. इमारत छानच होती, पण ती मागच्या पाचही चित्रांत छानच होती. इथं शेकोटीपाशी एक माणूस होता आणि त्याच्या गालावरची दाढीची खुंटंसुद्धा दिसत होती. तो बघत होता तो सरांकडे, पण वाटायचं आपल्याकडेच बघतोय. सर म्हणाले, “तांबट, हे जमलंय.” त्यांनी स्वतःच्या कामाला असं म्हटल्याचं मी तरी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

आठवड्यानं मुंबईच्या गॅलरीच्या कारखानीस बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. कामाची नजर होती, वागणं सरळ होतं. सहाही चित्रं भिंतीला लावली होती, ती त्यांनी चष्मा वर-खाली करत पाहिली आणि सहाव्यापाशी थांबल्या.

“इंगवले, शेकोटी सुंदर आहे. धूर तर अप्रतिम. थंडी म्हणजे थंडीच वाटते. पण हा माणूस…”

“राखणदार आहे तिथला.”

“असेल. पण बाकीच्या पाचांत कुणी नाही, आणि इथं एकदम हा. घेणारे लोक वास्तू घेतात हो. दिवाणखान्यात लावायचं असतं. रोज चहा पिताना कुणीतरी कुडकुडत आपल्याकडे बघतंय, हे कुणाला आवडेल?”

“तो कुडकुडत नाहीये. शेकतोय.”

“तुम्ही ठरवा,” बाई म्हणाल्या. “मला पाचच घेता येतील. पण मग मालिका म्हणून नाही लावता येणार.”

सर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि मुंबईत त्यांचं एकही प्रदर्शन झालेलं नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं तिकडं नाव काढून बसली होती. बाई बाहेरच्या खोलीत चहा घेत बसल्या आणि सर आत माझ्याकडे आले. हातात तो पत्रा होता.

“तांबट, माणूस निघेल का रे यातून?”

“निघेल की.”

“रेघा खोल आहेत. ॲसिडात बराच वेळ राहिलाय. खरवडलास तर खड्डा पडेल.”

“खड्डा मागनं ठोकून वर आणीन. वडिलांची हातोडी आहे.”

“डाग राहतोच. कितीही घासलं तरी छापताना करडं येतं तिथं.”

“डाग राहिला तर तांबट नाव लावणार नाही, सर.”

सर पत्र्याकडे बघत उभे राहिले. मग “बरं” म्हणाले आणि बाहेर गेले.

मला दोन दिवस लागले. तीन धारांच्या खरवडणीनं आधी तळहात काढले, मग गुडघे, मग मफलर. चेहरा शेवटी घेतला. त्यात काही हळवेपणा नव्हता. तिथल्या रेघा बारीक आणि दाट होत्या, त्यांना वेळ लागणार होता म्हणून. मग पत्रा घरी नेऊन, पालथा घालून वडिलांच्या ऐरणीवर हलक्या हातानं ठोकला, पातळी वर आणली आणि तेल लावून पोलादी घोटणीनं घोटत बसलो. वडील शेजारी येऊन बघून गेले. वर्षभर अबोला धरलेला माणूस, म्हणाला, “हात बसलाय तुझा.” मला त्या क्षणी तातोबा आठवला असता तर बरं झालं असतं. नाही आठवला. सरांनी तिथं थोडी जमीन आणि थोडा धूर काढून दिला, पत्रा पुन्हा ॲसिडात गेला, आणि नवी छाप निघाली तेव्हा सरांनी भिंग लावून ती जागा तपासली. मीही तपासली. काही नव्हतं. शेकोटी जळत होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं.

राहिल्या त्या पहिल्या तीन छापा. गॅलरीला एक पत्र द्यायचं होतं. या चित्राच्या तीस प्रती आणि छपाईकाराची एक, याखेरीज दुसरी कोणतीही छाप अस्तित्वात नाही, अशा मजकुराचं. खाली सरांची सही आणि त्याखाली माझी. सरांच्या नावाखाली माझं नाव पहिल्यांदाच येणार होतं, आणि नियमाचा मला तेव्हा भारी पुळका होता. ज्याला काल अंघोळ मिळाली तो आज सोवळं जास्त पाळतो, त्यातली गत.

खोटं कशाला सांगू, तिसरी छाप मी दोन दिवस कपाटामागे गुंडाळून ठेवली होती. वाटलं, तातोबाला हीच देऊ, सही नसली म्हणून काय झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. शाई भरताना पत्रा कोमट लागतो, विजेची शेगडी बंद, म्हणून घमेल्यात कोळसे पेटवायला घेतले. ते काही पेटेनात. टेबलावर ते पत्र माझ्या सहीसाठी येऊन पडलेलं. पहिल्या दोन छापा फाडून कोळशांत घातल्या, तरी नुसता धूरच. मग उठलो, कपाटामागून तिसरी काढली आणि तीही घातली. कागद जाड, सुती, चांगला पेटला. पत्रा कोमट झाला, मी हात धुतले आणि सही केली.

तीस प्रती झाल्या, एकतिसावी माझी झाली. मग रिवाजाप्रमाणे पत्र्यावर अणकुचीदार सळईनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली, म्हणजे पुन्हा कुणी त्यातून चित्र काढू नये. फुली मीच मारली.

मुंबईत मालिका गाजली. सगळ्यात जास्त गाजला अंबरखाना. एका वर्तमानपत्रात आलं की कलावंतानं एकट्या शेकोटीतून इतिहासाचं रितेपण दाखवलं आहे, माणसं गेली आणि ऊब मागे राहिली, वगैरे. मी ते सरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सर म्हणाले, “पुरे.”

पन्हाळ्याच्या एसटीचा एक कंडक्टर आमच्या गल्लीत राहायचा. त्याच्याबरोबर तातोबाचा निरोप आला, चित्र झालं का. मी सांगितलं, छपाई चालू आहे. पावसाळ्यात पुन्हा निरोप, भिंतीला खिळा मारून ठेवलाय म्हणून सांगा. मी म्हटलं, मीच घेऊन येतो. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत दसरा गेला. जाऊन देणार काय होतो? त्यानंतर निरोप आला नाही आणि मला हायसं वाटलं. हेही सांगून टाकतो, कारण ते खरं आहे.

डिसेंबरात आमच्या कोल्हापुरात त्याच सहा चित्रांचं प्रदर्शन लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात मी एकटाच होतो. सर आतल्या खोलीत जेवत होते. दारात एक म्हातारी चपला हातात घेऊन उभी राहिली. हिरवं इरकल, कपाळ मोकळं.

“आत आलं तर चालतंय न्हवं?”

“या की. चपला घालूनच या.”

तिनं चपला पिशवीत घातल्या आणि अनवाणीच आत आली. “म्या हौसाबाई. अंबरखान्याच्या तातोबा चौगल्याची मालकीण.”

मी खुर्ची पुढं केली. ती म्हणाली, “भादव्यात गेलं मालक. खोकला हुताच, छातीत बसला. तुमीच का ते मास्तर, सबूद दिल्यालं?”

“हो.”

“लई नाव घ्यायचं तुमचं. गावात सांगत सुटलं हुतं, मी चितारलोय, मुंबईला गेलोय. पोरं टिंगल करायची. म्हनायची, तात्या मुंबईला गेला आनि इथं बिडी कोन वडतंय?” ती हसली आणि पदरानं तोंड पुसलं. “कुटं हाईत?”

मी बोट दाखवलं. ती सरळ सहाव्या चित्राकडे गेली. बाकीच्या पाचांकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

चित्रासमोर ती उभी राहिली. आधी लांबून, मग नाक काचेला लागेल इतक्या जवळून. बोट काचेवर ठेवलं, कोठाराच्या दारावरून खाली आणलं, भिंतीच्या कडेनं पुढं नेलं आणि शेकोटीपाशी थांबवलं.

“हाच अंबरखाना.”

“हो.”

“ही शेकोटी.”

“हो.”

“आनि मालक?”

मी सांगू शकलो असतो. बाईंचं नाव, सरांचं नाव, माझं नाव, तिन्ही माझ्यापाशी होती. दोन वाक्यांचं काम होतं.

“धुराच्या मागं आहेत, मावशी,” मी म्हणालो. “थंडीत धूर दाट येतो ना, त्यामुळे दिसत नाहीत. पण आहेत.”

ती पुन्हा काचेजवळ गेली. धूर ज्या बाजूला वळला होता त्या बाजूला तिनं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पटलं तिला.

“धुराच्या अंगाला मालक कदी बसायचं न्हाईत,” ती म्हणाली. “धूर त्यास्नी सोसायचा न्हाई. वारं कुनीकडचं हाय बगून मगच बूड टेकायचं. चाळीस वर्सं बगितलंय म्या.”

ती बोट काचेवरून काढीना.

“न्हाई घेटलं, तर न्हाई घेटलं म्हना,” ती म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“घेतलं होतं,” मी म्हणालो. “खरंच घेतलं होतं. नंतर काढावं लागलं.”

“का?”

उत्तर होतं, पण ते त्या बाईच्या तोंडावर म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी कोपऱ्यातल्या टेबलाखालून माझी प्रत आणली. जाड पुठ्ठ्यात बांधलेली होती. “ही तुमची, मावशी. शब्द दिला होता मी. घेऊन जा.”

तिनं पुठ्ठा उघडला, चित्र पाहिलं आणि पुन्हा मिटवून माझ्या हातात दिलं.

“ह्ये घेऊन काय करू? अंबरखाना तर आमच्या दारातनं दिसतोय.”

मग तिनं पिशवीतून चपला काढल्या, दाराबाहेर जाऊन पायांत घातल्या आणि उन्हात चालत गेली. पिशवीतून एका रिकाम्या काचेच्या चौकटीचा कोपरा डोकावत होता. तो मी ती पाठमोरी झाल्यावर पाहिला.

सर हात पुसत बाहेर आले. “कोण होतं?”

“तातोबाची बायको. तातोबा गेला.”

सर खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी बोटं टॉवेलात गुंडाळून धरली होती.

“त्या दिवशी मी तुला विचारलं, निघेल का म्हणून,” सर म्हणाले. “तू नाही म्हणाला असतास तर बाईंना मी तेच सांगणार होतो. छपाईकार म्हणतो, निघत नाही. वाक्य ठरवून आत आलो होतो. खड्डा पडेल म्हटलं, डाग राहील म्हटलं. आणखी किती सुचवायचं माणसानं?”

“मग तुम्हीच का नाही सांगितलंत?”

सरांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या बावीस वर्षांतही नाही. मी तीन महिन्यांनी त्यांचं काम सोडलं. भांडण झालं नाही. एकमेकांसमोर उभं राहिलं की मध्ये कुणीतरी बसलेलं असायचं, एवढंच.

नंतर मी तातोबाला काढायचा प्रयत्न केला. कागदावर, पत्र्यावर, पुष्कळदा. मफलर जमतो. तळहात जमतात. चेहऱ्यापाशी आलं की मला रेघा आठवतात त्या उलट्या क्रमानं, कुठली आधी खरवडली आणि कुठली मागाहून, आणि तसा चेहरा काही तयार होत नाही.

माझी प्रत अजून माझ्याकडेच आहे. गेल्या महिन्यात एक जण ती विकत घ्यायला आला होता. त्यालाही एकटी शेकोटी फार आवडते. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर ती खिडकीपाशी नेली आणि भिंग लावून शेकोटीच्या अलीकडची जागा पाहिली, वाऱ्याच्या अंगाची, जिथं तो बसला होता. अधूनमधून बघतो. कुठं एखादी करडी रेघ राहून गेली असेल, मफलरची गाठ, बोटाचं टोक, काहीतरी.

काही राहिलेलं नाही. काम चोख झालं होतं.